काय घेशील?

बाबांचं पेन गळलं नसतं, तर माझा एवढा अपमान झाला नसता.

बाबा पाणीपट्टीच्या ऑफिसात कारकून आहेत आणि त्यांची पेनं नेहमीच गळतात (पाण्याशी रोजचा संबंध असल्यामुळे असेल). या वेळी पेन गळलं ते त्यांच्या एकुलत्या एक चांगल्या शर्टाच्या खिशात. आईने त्या डागाला साबण लावला, लिंबू लावलं, मीठ लावलं, शेवटी बोल लावले. डागाच्या कडा जराशा फिकट झाल्या आणि मधला भाग होता तसाच राहिला. आई म्हणाली, "आता याचं पायपुसणं."

मी फारशी बोलत नाही. घरात मला सगळे घुमी म्हणतात. पण बोलायचं नसलं की बघायला भरपूर वेळ मिळतो, आणि बघता बघता मला दिसलं की तो डाग नाहीच, तो कावळा आहे. फक्त त्याला चोच, डोळा आणि पाय द्यायचे राहून गेले आहेत. मी कुणाला न विचारता ते देऊन टाकायचं ठरवलं. काळ्या दोऱ्याच्या तीन छटा घेतल्या, आखूड-लांब टाके घालत एकेक पीस भरलं, आणि खिशात काय आहे ते मान वाकडी करून बघणारा एक कावळा तयार केला. शर्ट इस्त्री करून कपाटात ठेवला आणि अभ्यासाला बसले.

बाबांनी तो दुसऱ्या दिवशी घातला आणि त्यांना काहीही दिसलं नाही. (बाबा कपडे घालताना पेपर वाचतात. एकदा ते उलटा स्वेटर घालून जाऊन आले आहेत आणि ऑफिसात कुणी सांगितलं नाही म्हणून अजून रागावलेले आहेत.) दिवसभर जो तो त्यांच्याशी मान खाली घालून बोलत होता. बाबांना वाटलं, आपल्याबद्दलचा आदर वाढला आहे. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "हा कावळा कुठून आणलात?"

"कोणता कावळा?" असं म्हणून बाबांनी खिडकीकडे बघितलं.

घरी आले ते भली मोठी पिशवी घेऊनच. आत साहेबांचा इस्त्रीने जळलेला कोट होता, रोखपालांचा चहा सांडलेला शर्ट होता, आणि आणखी कुणाकुणाचे, कशाकशाचे डाग पडलेले कपडे होते. जगात इतके डाग आहेत आणि लोक ते जपून ठेवतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"पैशांचं काय बोललात?" आईने विचारलं. आई पोस्टात काउंटरवर बसते. तिला हाच प्रश्न पहिल्यांदा सुचतो.

"पैसे कसले? त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, छे, पैशांचं काय एवढं, मुलगी घरीच असते."

मी घरी असते? सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दूध, भाजी आणि आत्याकडचे निरोप. घरी मी झोपण्यापुरती येते. आणि समजा असते घरी, तर? बाबाही रविवारी घरीच असतात. म्हणून कुणी त्यांच्यासमोर पाण्याची बिलं आणून टाकत नाही, की आता बसलाच आहात तर एवढी करून द्या. हे सगळं मी मनात अगदी मुद्देसूद बोलले. तोंडाने म्हणाले, "बरं."

(माझं हे असंच होतं. माझा राग आत तयार होतो, आतच शिळा होतो.)

साहेबांच्या कोटावर मी पतंग केला. जळलेल्या कापडाचा तांबूस रंग पंखांना आयताच मिळाला. रोखपालांच्या चहावर चतुर बसवला, जाळीदार पंखांचा. साहेब म्हणाले, "वा." रोखपाल म्हणाले, "चतुर जरा बारीक झालाय." फुकट.

त्याच आठवड्यात आत्या आली. आत्या विमा विकते, त्यामुळे तिला कुणाशीही, कशाबद्दलही, कितीही वेळ बोलता येतं. आमच्या घराण्यातलं सगळं बोलणं तिच्याच वाट्याला आलं असावं, असा माझा अंदाज आहे. खुर्चीवर पुढची पिशवी पडली होती, ती तिने उघडून बघितली.

"हे कितीला?" तिने विचारलं.

बाबा पंख्याकडे बघायला लागले.

"दादा, मी काय विचारतेय?"

"अगं, दोऱ्याला असे कितीसे पैसे पडतात? एका गुंडीत चार शर्ट होतात."

"मग तुझा पगार ऑफिसने शाईवर मोजायचा का? त्यातली अर्धी तर खिशातच जाते."

मला आत्याला मिठी मारावीशी वाटली, पण मी तशी एकदम कुणाला मिठी मारत नाही, म्हणून पाणी आणून दिलं.

त्या संध्याकाळी माझ्या कामाची किंमत ठरवायला सगळे बसले. मीही होते. मला कुणी काही विचारलं नाही. आई म्हणाली तासावर घ्या. आत्या म्हणाली माणूस बघून घ्या. बाबा म्हणाले, हे असं मोघम चालत नाही, दर ठरलेला पाहिजे, आणि त्यांना येत होता तो एकच दर त्यांनी लावला. पाण्याचा. जितका डाग मोठा तितकी वरची स्लॅब. नाण्याएवढ्या डागाला इतके, वाटीएवढ्या डागाला तितके, बशीएवढ्या डागाला त्याहून जास्त.

मी एवढंच म्हणाले, "पण डाग माझा नाही, कावळा माझा आहे."

"हो हो," बाबा म्हणाले, "कावळ्याचं वेगळं काही लावू नकोस. लोक बिचकतात."

पुढे काय झालं असेल ते सांगायला नकोच. रोखपालांनी दुसरा शर्ट आणला तो घासून घासून. मूळचा डाग वाटीएवढा असल्याचं सगळ्या ऑफिसने पाहिलं होतं, पण त्यांनी दोन दिवस त्याला लिंबात भिजवून पहिल्या स्लॅबमध्ये आणला होता. एक गृहस्थ म्हणाले, अर्धाच डाग झाका, अर्ध्याचे घ्या. बाबा फूटपट्टी घेऊन लोकांच्या पोटावरचे डाग मोजायचे आणि मला बाहेरच्या खोलीतून ओरडून आकडा सांगायचे. नाण्याएवढ्या जागेत मी किती पिसं भरली, हे कुणी मोजलं नाही. मला फार राग यायचा. मी त्या रागात आणखी बारीक टाके घालायचे, म्हणजे तोटा पुन्हा माझाच.

आणि अशात ती मोठी संधी आली. ती दातांतून आली.

साहेबांची दाढ दुखत होती. ते पतंगाचा कोट घालून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. दातांच्या डॉक्टरांना माणसं अगदी जवळून बघावी लागतात. डॉक्टरीणबाई साहेबांच्या तोंडात बघायचं सोडून कोटाकडेच बघत बसल्या. मग त्यांनी निरोप पाठवला, ज्या मुलीने हे केलं तिने येऊन माझा सोफा बघावा.

तो सोफा मला माहीत होता. लहानपणी मी त्याच्यावर बसून रडले आहे. आत नंबर लागेपर्यंत लोक त्यावर बसतात, आतून मशीनचा आवाज येतो, आणि जो तो घाबरून सोफ्याच्या हातांत नखं रुतवतो. वर्षानुवर्षं नखं रुतवून रुतवून त्या हातांना भोकंच भोकं पडली आहेत. आतला पिवळा स्पंज दिसतो. एवढी भीती मी एका जागी कधी पाहिली नव्हती, आणि ती झाकायचं काम मला मिळत होतं. ते ऐकल्यापासून मला प्रत्येक भोकात एक भुंगा दिसायला लागला. हिरवट निळा, चमकणारा, दरवेळी वेगळा.

"स्लॅब लावू नका," आई बाबांना म्हणाली. "भोकं मोजली तर बाई घाबरतील. सरसकट दोन हजार सांगायचे."

"दोन हजार?" बाबा म्हणाले. "पोरगी आहे, ठेकेदार नाही."

"तीन सांग," आत्या म्हणाली.

दोनवर तोडगा निघाला. अडचण एवढीच होती की आईची ड्यूटी होती, आत्याला एक पॉलिसी त्याच दिवशी गळ्यात मारायची होती, आणि बाबांना कुणी पाठवणार नव्हतं. म्हणजे बोलायला मीच. म्हणून आत्याने आदल्या दिवशी माझी तालीम घेतली. ती डॉक्टरीणबाई झाली आणि खुर्चीत रेलून बसली.

"किती घेशील?"

"दोन हजार."

"ऐकू नाही आलं. किती होतील?"

"दोन हजार."

"बाई गं, जरा कमी कर."

"परवडत नाही."

"अशी खाली बघून नाही. माझ्या डोळ्यांत बघून म्हण."

"परवडत नाही."

"एकंदरीत किती लावशील?"

"दोन हजार."

आत्याने किती हा शब्द जितक्या तऱ्हांनी विचारता येईल तितक्या तऱ्हांनी विचारला, आणि मी दर वेळी बरोबर उत्तर दिलं. आत्याला डोळे मिटून झोप लागेपर्यंत तालीम चालली. मी तयार होते.

दुसऱ्या दिवशी मी सोफा बघितला, भोकांचे अंदाज घेतले, डॉक्टरीणबाईंना भुंग्याचं चित्र काढून दाखवलं. त्या खूश झाल्या. इतक्यात बाहेर टेबलाशी बसणाऱ्या मदतनीस बाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. ट्रे टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, आता सांग. काय घेशील?"

आता मला सांगा, समोर वाफाळता चहा ठेवलेला असताना माणसाला कुणी असं विचारलं, तर माणूस काय समजेल?

"नको," मी म्हणाले. "काही नको."

"काही नको? असं कसं?"

"खरंच नको. मी घरून घेऊन आलेय."

डॉक्टरीणबाई जरा गोंधळल्या. "अगं, घरून घेतलंस ते वेगळं. माझ्याकडून काहीतरी घ्यायलाच हवं ना?"

"आईने सांगितलंय, कुणाकडे गेलं की लगेच घ्यायचं नाही."

"आई फार चांगली आहे तुझी. पण मला बरं नाही वाटणार. थोडं तरी घे."

"मला सवयच नाही," मी म्हणाले. (मी चहा पीत नाही. पित्त होतं.)

डॉक्टरीणबाईंनी मदतनीस बाईंकडे बघितलं. मदतनीस बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मोठी हो."

मला वाटलं, चहाला नाही म्हटल्यावर एवढं कुणाला भरून येतं? पण दातांच्या डॉक्टरांना चहा न पिणारी माणसं आवडत असतील. पिवळे दात, वगैरे. आता त्या किती विचारतील म्हणून मी थांबले. डोळ्यांत बघण्याची तयारीही केली. त्या म्हणाल्या, "रविवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा ये." आणि पुढचा पेशंट आत आला. मी विचार केला, काम बघून विचारतील. तेही बरोबरच आहे.

पुढचे सगळे रविवार मी त्या सोफ्यापुढे जमिनीवर बसून काढले. शर्ट मांडीवर घेता येतो, सोफा घेता येत नाही. त्याच्या हाताच्या आत बोटं जात नाहीत, म्हणून साधी सुई बाहेरच येत नाही. आईने गादीवाल्याकडून अर्धगोल वाकडी सुई आणून दिली. ती आत गेली की कुठून बाहेर येईल ते तिचं तिलाच माहीत, बऱ्याचदा ती माझ्या अंगठ्यातून आली. आधी भोक आतून कापड लावून बुजवायचं, मग त्यावर भुंगा. एकाचे पंख मिटलेले, एकाचे उघडे, एक सोफ्याच्या कडेवरून खाली वाकून बघणारा. तोंड माझं बंदच असतं, पण तिथे मला ते बंद असल्याचं कुणी बोलून दाखवत नव्हतं. खरं सांगायचं तर मला फार छान वाटत होतं. (हे मी घरी सांगितलं नाही. छान वाटतं म्हटलं की लोक लगेच दर पाडतात.)

शेवटचा भुंगा झाल्यावर डॉक्टरीणबाई बघायला आल्या. वाकून वाकून त्यांनी सगळे भुंगे बघितले.

"अगं, काय सुरेख," त्या म्हणाल्या. "अगदी कीड. दाताला लागते तश्शी. आता पेशंटच्या मुलांना दाखवता येईल."

माझ्या भुंग्यांना कीड म्हणाल्या. पण स्तुतीच होती, त्यामुळे मी म्हणाले, "थँक्यू." आणि उभी राहिले. त्याही उभ्या राहिल्या. बराच वेळ आम्ही दोघी उभ्याच होतो. मग त्यांनी मला एक टूथब्रश दिला आणि मी घरी आले.

"दिले का?" आईने विचारलं.

"देतील."

"कधी?"

"टूथब्रश दिलाय."

आई म्हणाली, मोठ्या लोकांचं असंच असतं, बिल काढायला वेळ लागतो. वेळ लागला. आणखी लागला. मग एक दिवस बाबा ऑफिसातून आले ते फुगलेली छाती घेऊन.

"साहेबांनी आज सगळ्यांसमोर आपल्या घराचं कौतुक केलं. म्हणाले, याला म्हणतात संस्कार."

"कशाबद्दल?" आईने विचारलं.

"दवाखान्यात सोफ्याच्या वर कागद लावलाय म्हणे. थांब, मी लिहूनच आणलंय." बाबांनी खिशातून चिठ्ठी काढून वाचली. "ही कलाकुसर एका शाळकरी मुलीने कोणताही मोबदला न घेता निव्वळ सेवाभावाने केली आहे. कृपया नखे लावू नयेत."

वाचताना बाबांचा आवाज सुरुवातीला चढा होता. मोबदला या शब्दाशी तो अडखळला आणि नखांपर्यंत येईतो फारच बारीक झाला.

"आणि रोखपाल म्हणतायत," ते म्हणाले, "दवाखान्याला फुकट आणि आम्हाला स्लॅब, हे कसं? ते पैसे परत मागतायत. मागे उभे होते ते सगळेच मागतायत."

म्हणजे बघा. सोफ्याचे मिळाले नव्हतेच, आता शर्टांचेही जाणार होते. आणि यापुढे मी कुणालाही किंमत सांगितली, तरी तो बोट दाखवणार त्या कागदाकडे. आईने फोन करून आत्याला बोलावलं. आत्याने आल्या आल्या मला समोर बसवलं.

"तिने काय विचारलं ते शब्दन्‌ शब्द सांग."

"त्या म्हणाल्या, काय घेशील."

"आणि तू?"

"मी म्हटलं, काही नको."

आई हळूच खाली बसली. आत्याने कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, "निदान चहा तरी घ्यायचास."

चूक माझी होती का? किती हा शब्द भाषेत असताना शिकलेल्या माणसाने काय का म्हणावं? पैशांबद्दल बोलायची लाज त्यांना, आणि तोटा मला. ते मोठ्यांचं नेहमीचंच आहे. किती म्हणायला जीभ रेटत नाही, मग काय म्हणतात, नाहीतर तुझं बघ म्हणतात, नाहीतर तू काही परकी नाहीस म्हणतात. माझा संताप संताप झाला. या वेळी तो शिळा होण्याआधी आत्याने मला उचललं आणि दवाखान्यात नेलं.

वाटेत तिने एकच वाक्य माझ्याकडून घोटून घेतलं. "माझे दोन हजार द्या." मागे नाही, पुढे नाही. प्रश्न कोणताही येवो, उत्तर हेच.

मदतनीस बाई म्हणाल्या, आत एकालाच सोडतो. आत्या त्या कागदाखाली जाऊन बसली आणि भुंग्यांवर हात ठेवून तिने मला नजरेने आत ढकललं.

"ये ये ये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बस."

आत बसायला एकच खुर्ची होती. मी बसले. डॉक्टरीणबाईंनी पायाने काहीतरी दाबलं आणि ती खुर्ची मला घेऊन मागे आडवी झाली. डोळ्यांवर दिवा आला. आडवं पडून, पाय वर, डोक्याखाली काही नाही, अशा स्थितीत जगातल्या कुठल्या माणसाला पैसे मागता येतील, ते मला कुणीतरी सांगावं. तरीही मी मनाचा हिय्या केला आणि तोंड उघडलं.

"अस्सं. आणखी मोठं," असं म्हणून त्यांनी आत आरसा घातला. "अरे, ही मागची दाढ बघ. कीड लागलीय चांगलीच. दुखत होती का? बरं झालं आलीस."

मी आं आं केलं. त्या म्हणाल्या, "हो, कळतंय मला." कापसाचे दोन बोळे माझ्या गालात बसवून त्या दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी दार अर्धं उघडलं.

"तुम्ही हिच्या आत्या ना? मी काय म्हणते, आजच भरून टाकू का?"

"आजच भरा," आत्याचा आवाज आला. "आधीच फार उशीर झालाय."

"तेच म्हणते मी. वेळेवर भरलं की पुढचा त्रास नाही."

"आणि सगळं एकदम भरा. हप्त्याने नको. आज थोडं, उद्या थोडं, असलं मला चालत नाही."

"नाही नाही, एका बैठकीत होईल. थोडं दुखेल हं."

"दुखू दे," आत्या म्हणाली. "दुखायलाच पाहिजे. महिनाभर पोरगी जमिनीवर बसून राबलीय."

डॉक्टरीणबाईंना शेवटचं वाक्य नीटसं लागलं नसावं, पण त्यांनी मान डोलावली. त्या दोघी दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होत्या, हे त्या दवाखान्यात फक्त मला कळत होतं, आणि माझ्या तोंडात कापूस होता.

मग त्यांनी सुई टोचली. (सरळ होती. वाकड्या सुईपेक्षा बरी.) माझा ओठ, गाल आणि अर्धी जीभ कुठेतरी निघून गेली. मशीन सुरू झालं. मी खुर्चीच्या हातांत नखं रुतवली आणि मला त्या सोफ्यावरच्या सगळ्या लोकांबद्दल आपुलकी वाटायला लागली.

संपल्यावर त्यांनी खुर्ची सरळ केली. म्हणाल्या, "झालं. आणि हे माझ्याकडून हं. तू माझ्यासाठी एवढं केलंस, मी तुझ्यासाठी एवढं."

तेव्हा मात्र माझ्या आतलं सगळं वर आलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि बोलले. जे बाहेर आलं ते असं होतं: "हाझे होन हजाग ह्या."

घरी मी चांगल्या स्पष्ट मराठीत बोलते तेव्हा कुणाला ऐकू जात नाही. पण डॉक्टरीणबाई जन्मभर असलीच भाषा ऐकत आल्या आहेत.

"तुझे दोन हजार?" त्या म्हणाल्या. "कसले?"

"होहा." मी बाहेर बोट दाखवलं.

"सोफ्याचे? अगं, पण मी विचारलं होतं, काय घेशील. तू नको म्हणालीस."

"च्हा," मी म्हणाले, आणि हाताने कप धरून दाखवला.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मास्क खाली ओढला. मला वाटलं हसतील, पण त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"देवा," त्या म्हणाल्या. "आणि मी कागद लावून ठेवलाय." त्या तडक बाहेर गेल्या, कागद ओढून काढला, आत आल्या, खण उघडला आणि दोन हजार माझ्या हातात ठेवले. मग सहज म्हणाल्या, "मला वाटलं होतं तू निदान चार सांगशील. तो सोफ्याची कव्हरं करणारा नऊ सांगून गेला होता."

नऊ. मला ते ऐकू आलं, पण चेहरा बधिर असल्यामुळे त्यावर काही दिसलं नसणार. काही असो, माझ्या हातात माझ्या कामाचे पैसे होते. मी स्वतः मागितले होते. मी ते सगळ्यांना दिसतील असे धरून बाहेर आले. आत्याचा चेहरा उजळला. तिने माझी पाठ थोपटली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बघा, बोललं की होतं."

"माझंच चुकलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि त्या दाढेचं राहू दे हं."

"कुठल्या दाढेचं?"

"आत्ता भरली ती. तुम्ही म्हणालात ना, सगळं एकदम भरा."

आत्याने एकदा माझ्या गालाकडे बघितलं, एकदा डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. तिला सगळं कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर ती ताठ झाली. मी आत्याला ओळखते. ती ताठ झाली की कुणाचं तरी नुकसान होतं.

"राहू दे कसं?" ती म्हणाली. "आत्ताच तुम्ही आमचे पैसे दिलेत ना? मग आमचं फुकट नको तर तुमचंही फुकट नको. किती झाले ते सांगा."

"अहो, खरंच नको."

"नाही म्हणजे नाही. हाताच्या कामाचा मान ठेवायचा तर दोन्हीकडून ठेवायचा."

मी आत्याची बाही ओढली. "हुकट घे," मी म्हणाले. "आत्गा, हुकट घे."

"ऐकलंत?" आत्या म्हणाली. "ही एवढीशी पोर, तीसुद्धा म्हणतेय फुकट नको."

मदतनीस बाईंनी काही न बोलता मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेच्या फ्रेममध्ये दरपत्रक होतं, छापील, ठळक अक्षरांत. दाढ भरणे, बावीसशे. त्यात दाढेच्या आकाराच्या स्लॅब नव्हत्या. ते वाचून कुणी कीड घासून लहान करून आणत नव्हतं. आत्याने माझ्या हातातले दोन हजार घेतले, पर्समधून वरचे दोनशे काढले, आणि सगळे टेबलावर ठेवून पावती मागितली.

"तू माझे दोनशे देणं लागतेस," ती रस्त्यात म्हणाली. "घाई नाही. पण आपला मान राहिला की नाही?"

घरी दोघंही दारातच उभे होते. "किती मिळाले?" बाबांनी विचारलं. आत्याने सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही आवाज काढून. आई डोळे मिटून ऐकत होती.

"बावीसशे?" बाबा म्हणाले. "एका दाढेचे? वेळ किती लागला?"

"वीस-पंचवीस मिनिटं," आत्या म्हणाली.

आता बाबा रागावतील अशी माझी खात्री होती. आत भरलेला मसाला असा कितीसा असतो, चिमूटभर, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. निदान आज तरी ते म्हणतील की हा अन्याय आहे, की माझ्या मुलीने महिनाभर बोटं फोडून घेतली आणि यांनी वीस मिनिटांत सगळे परत नेले. मी वाट बघत होते. बाबांनी खणातून टॉर्च आणला.

"आ कर," ते म्हणाले.

मी आ केला. त्यांनी एका डोळ्याने आत बघितलं, मग दुसऱ्या डोळ्याने बघितलं, माझी हनुवटी दिव्याकडे वळवून पुन्हा बघितलं.

"नाही," ते म्हणाले, "पैसे घेतले ते बरोबरच आहेत. अगं, हात आहे तो. अशा हाताला मोजावेच लागतात." आणि मला तोंड मिटू न देता त्यांनी आईला हाक मारली, "इकडे ये, बघून जा. कारागिरी म्हणतात ती ही."